काम मिळविण्यासाठी दाम कशाला?

(विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि एका बँकेतला लिपिक. परंतु कर्जाच्या फायली रोज हाताखालून जात असल्यामुळे त्यातल्या एका कागदाचे मोल मला ठाऊक आहे. तो कागद म्हणजे व्हॅल्युएशन रिपोर्ट. घर तारण ठेवून कर्ज द्यायचे, तर त्या घराची खरी किंमत कोणी सांगावी? घेणाऱ्याने सांगितली तर तो वाढवून सांगेल. देणाऱ्याला धंदा हवा असतो, म्हणून त्याच्याही शब्दावर विसंबता येत नाही. म्हणून तिऱ्हाईत माणूस लागतो. तो म्हणजे मूल्यांकनकार, आमच्या भाषेत व्हॅल्युअर. अमेरिकेत या तिऱ्हाइतालाच काम मिळविण्यासाठी पैसे मोजावे लागतात, त्याविषयी आज मी बोलणार आहे.

अमेरिकेचे आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. पण गोष्ट ऐकल्यावर ती आपल्या बाजार समितीपर्यंत येऊन पोचते, हे आपल्या ध्यानात येईल.

१९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील शेकडो बचत व कर्ज संस्था बुडाल्या. अनेक ठिकाणी तारण मालमत्तेच्या किमती फुगवून दाखविल्या होत्या. म्हणून १९८९ साली संघराज्याने कायदा केला आणि मूल्यांकनकारांना राज्याचा परवाना घेण्याची पद्धत सुरू झाली. हा परवाना सहज मिळत नाही. अभ्यासक्रम, परीक्षा आणि अनुभवाचे तास पुरे करावे लागतात. साध्या निवासी परवान्याला १,००० तास, तर सर्व प्रकारच्या मालमत्तांच्या परवान्याला ३,००० तास आणि वर पदवी. एवढे झाल्यावर तो माणूस घराची मापे घेतो, शेजारपाजारी नुकत्याच झालेल्या विक्रीशी तुलना करतो आणि आपल्या सहीने किंमत सांगतो. चूक निघाली तर जबाबदार तोच.

तरीही दडपण थांबले नाही. "एवढी किंमत आली नाही तर पुढचे काम तुला नाही," असे कर्जाचे दलाल सुचवीत. २००७ साली न्यूयॉर्क राज्याच्या महान्यायवाद्यांनी वॉशिंग्टन म्युच्युअल या बँकेच्या दडपणाखाली किमती फुगविल्याचा आरोप ठेवून एका मूल्यांकन कंपनीवर दावा लावला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००८ मध्ये, ती बँक कोसळली. अमेरिकेच्या इतिहासातील ते सर्वांत मोठे बँक-अपयश. त्यानंतर १ मे २००९ पासून एक आचारसंहिता लागू झाली. कर्जाच्या दलालाने मूल्यांकनकार निवडायचा नाही, असा तिचा गाभा. हेतू चांगला होता. परंतु बँकांनी सोपा मार्ग धरला. मूल्यांकनकार निवडण्याचे काम त्यांनी मध्यस्थ कंपन्यांकडे सोपविले. दलालाचे दडपण गेले आणि त्याच्या जागी आडत्या आला.

आता पैशाचा प्रवास पाहा. मूल्यांकनाची फी घर घेणारा भरतो. उदाहरणादाखल समजा, त्याने ६०० डॉलर भरले. त्यातून मध्यस्थ आपला वाटा काढतो आणि उरलेली रक्कम प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या हाती पडते. गाडी, पेट्रोल, विमा, परवान्याचे नूतनीकरण, विक्रीची माहिती मिळविण्याची वर्गणी, हे सारे तोच सोसतो. त्यावर काही मध्यस्थ त्याच्याकडूनच नोंदणीची फी, चारित्र्य तपासणीचा खर्च, दर कामामागे संगणक यंत्रणेचा आकार, असे घेतात. एका संघीय नियमानुसार यादीतून काम केलेल्या दर मूल्यांकनकारामागे वर्षाला २५ डॉलर मध्यस्थ कंपनीने राष्ट्रीय नोंदवहीसाठी भरायचे असतात. हा भारही काही कंपन्यांनी मूल्यांकनकाराच्या अंगावर टाकला. घर घेणाऱ्याला मात्र वाटते, आपली सगळी फी त्या मापे घेणाऱ्या माणसाला मिळाली. २०१० च्या संघीय कायद्याने हा वाटा कागदावर वेगळा दाखविण्याची मुभा दिली, सक्ती केली नाही.

त्याच कायद्याने 'त्या भागात रूढ आणि वाजवी' फी द्यावी असे म्हटले आहे. पण वाजवी कशाला म्हणायचे, यावरून वाद चालूच राहिला. लुईझियाना राज्याच्या मूल्यांकन मंडळाने या फीविषयी नियम केले, तेव्हा २०१७ साली संघराज्याच्या व्यापार आयोगाने त्या मंडळाविरुद्धच तक्रार दाखल केली. मूल्यांकनकारांचाच भरणा असलेल्या मंडळाने दर ठरविणे म्हणजे स्पर्धेला बाधा, असे आयोगाचे म्हणणे. मित्रहो, इथे खरी मेख आहे. स्वतंत्र व्यावसायिक हा कोणाचा नोकर नसतो, म्हणून त्याला कामगार कायद्याचे संरक्षण नाही. आणि सर्वांनी मिळून दर ठरवावा, तर स्पर्धेचा कायदा आडवा येतो. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मध्यस्थांचीही बाजू आहे. काम वाटणे, अहवाल तपासणे, यंत्रणा सांभाळणे याला खर्च येतोच. मी तो नाकारत नाही. प्रश्न एवढाच की, तो खर्च कोणी द्यावा? ज्याला सेवा मिळते त्याने, म्हणजे बँकेने. ज्याने न्याय करायचा, त्याच्याकडूनच दाराशी पैसे घेतले तर तो मोकळ्या मनाने न्याय कसा करील? पैसे भरून यादीत शिरलेला माणूस यादीतून बाहेर पडायला भितो. फी कमी, म्हणून तो घाईने चार घरे उरकतो. अनुभवी माणसे धंदा सोडतात. शेवटी चुकीच्या किमतीचा भुर्दंड पडतो वीस-तीस वर्षे हप्ते भरणाऱ्या कुटुंबावर.

आता आपल्याकडे वळू. शेतकरी माल घेऊन बाजार समितीत जातो. माल त्याचा, घाम त्याचा, आणि अडतही त्याच्याच पट्टीतून कापली जात असे. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. त्यामागचे तत्त्व हेच की, माल आणणाऱ्याने बाजारात उभे राहण्याचा दंड भरू नये.

आपल्या बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २००७ साली व्हॅल्युअरच्या यादीबाबत सूचना दिल्या. व्हॅल्युअरचा त्या मालमत्तेत हितसंबंध नसावा, आणि ५० कोटी रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या मालमत्तेसाठी किमान दोन स्वतंत्र अहवाल घ्यावेत, हे त्यात आहे. २०१७ च्या नियमांनी कंपनी कायद्याखालील नोंदणीकृत मूल्यांकनकारांसाठी परीक्षा आली. आपल्यातली जी मुले-मुली स्थापत्य अभियांत्रिकी शिकत आहेत, त्यांच्यासाठी ही वाट खुली आहे. ज्यांच्या घरी कधी तारण ठेवायला जमीन नव्हती, त्यांच्या लेकरांनी उद्या जमिनीची किंमत ठरवावी, याचा मला अभिमानच वाटेल.

परंतु या वाटेवर आणि इतर कुठल्याही व्यवसायात कोणी पैसे मागितले, तर चार प्रश्न विचारा. पैसे कोणाला जातात, शासनाच्या खात्यात की काम वाटणाऱ्याच्या खिशात? सर्वांना एकच दर आहे काय? पावती मिळते काय? आणि भरल्यावर हक्क मिळतो की नुसती आशा? परीक्षेचे शुल्क भरले की परीक्षेला बसण्याचा हक्क मिळतो. ते आनंदाने भरा. पण काम देणाराच काम देण्यासाठी पैसे मागतो आणि कामाची हमी देत नाही, तेव्हा ती फी नसून खंडणी असते. तिथे एकट्याने हुज्जत घालत बसू नका. लेखी मागा, आणि संस्थेतल्या जाणत्या माणसांना दाखवा.

कामाचा मोबदला घेणे हा आपला हक्क आहे. काम मागण्याचा मोबदला देणे हे कर्तव्य नव्हे.