दोरी सोडलेले हात
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला मी ‘मी कोण होणार?’ हा निबंध दिला होता. कोणी डॉक्टर झाले, कोणी इंजिनिअर, कोणी दुबईला निघाले. एका मुलाने मात्र लिहिले, “मी सोडवून आणलेल्या जनावरांची देखभाल करणार.” पालकसभेत ती वही मी त्याच्या वडिलांना दाखवली. ते ओशाळून म्हणाले, “सर, जनावरांची घाणच काढायची, तर शाळेत कशाला घातला?” त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. ते आज देतो.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना दरवेशी आठवत असतील. डमरू वाजला की आम्ही मुले धावत सुटत असू. अस्वल दोन पायांवर उभे राही, आम्ही टाळ्या पिटत असू. दृष्ट लागू नये म्हणून आजीने अस्वलाच्या केसांचा ताईत माझ्या गळ्यात बांधला होता. अस्वल खुशीने नाचते, अशीच आमची समजूत होती. खरी गोष्ट मला फार उशिरा कळली. पिल्लू आईपासून तोडून आणीत, तापलेल्या सळईने त्याचे नाकाड भोसकून त्यातून दोरी ओवीत, सुळे पाडून टाकीत. दोरीला हिसका बसला की ते वेदनेने पाय उचली. आम्ही ज्याला नाच म्हणत होतो, तो हा!

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही हे चालूच राहिले. उत्तरेकडे हा धंदा करणारी कलंदर जमात मुसलमान आहे. बापाने मुलाच्या हाती दोरी द्यावी, हीच तेथली विद्या. अस्वल जप्त केले तर घरातली चूल विझणार, मग कायदा पाळणार कोण? 1995 मध्ये कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी यांनी ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था स्थापन केली. या संस्थेने अस्वल घेताना त्या घराचाही विचार केला. दुसऱ्या धंद्याला भांडवल दिले, बायकांना शिवणकामासारखी कामे शिकवली, मुलांना शाळेत घातले. सहाशेहून अधिक अस्वले सुटली. 2009 साली शेवटचे नाचवले जाणारे अस्वल या संस्थेकडे आले.

त्यांच्यासाठी आग्र्याजवळ कीठम येथे 1999 मध्ये केंद्र उभारले गेले. आपण विचाराल, त्यांना रानातच का सोडले नाही? ज्याचे सुळे गेले आणि ज्याला लहानपणापासून माणसाने वाढवले, ते रानात स्वतःचा बचाव कसा करणार? म्हणून त्यांना जन्मभर सांभाळावे लागते. सांभाळणारा तो राखणदार.

त्याचे काम काय? अस्वल आतल्या कोठडीत घेऊन दार नीट बंद झाल्याची खात्री करायची, मगच बाहेरचे आवार झाडायचे. येथे विसरभोळेपणा चालत नाही. धान्याची लापशी, फळे, मध प्रत्येकाला मापाने द्यायचे. कोणी अन्न टाकले, कोणाचे तोंड सुजले, कोणाचे डोळे निकामी होत आहेत, हे आधी त्याच्या ध्यानात येते. डॉक्टर नंतर येतात. पोकळ ओंडक्यात मध लपवून ठेवायचा, म्हणजे शोधण्यात अस्वलाचा वेळ जातो आणि ते कुढत बसत नाही. रक्त तपासायचे असेल तर बळजबरी नाही. मध चाटवीत, दिवसामागून दिवस धीर धरून त्याला असे शिकवतात की ते आपण होऊन पंजा पुढे करते. विद्यार्थी मित्रांनो, दोरीने शिकवणे आणि विश्वासाने शिकवणे यांतला फरक मला बी.एड.च्या पुस्तकांतून जेवढा समजला नाही, तेवढा येथे समजला.

आणि या राखणदारांत काही कलंदरही आहेत! एकेकाळी दोरी धरणारे हात आज त्याच जातीच्या जनावराला भरवतात. अस्वलाचा स्वभाव ओळखण्याची विद्या त्यांच्यापाशी पूर्वीही होती. ती चांगल्या कामी लागायला दुसरी वाट मिळावी लागली. जमात वाईट नव्हती, तिला वाट नव्हती. आपल्यासारख्या शिक्षण संस्थांनी हे विसरू नये.

म्हणून त्या वडिलांना मी सांगेन, होय, या कामात घाण काढावी लागते. पगार मोठा असतो, असेही मी म्हणणार नाही. परंतु या कामाला शिक्षण लागते, आणि त्याच वाटेने पुढेही जाता येते. बारावीला जीवशास्त्र घ्यावे, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची तयारी करावी. आग्रा दूर वाटत असेल तर जुन्नर तालुक्यातील माणिकडोह येथे बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. तेथेही बिबट्यांची देखभाल माणसांनाच करावी लागते.

मुलाला कोठे न्यायचे हे आपण बापमाणसे ठरवतो आणि ओढू लागतो. ओढण्याआधी हातात दोरी तर नाही ना, एवढे पाहू या. ती वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. संमेलन संपल्यावर आपण यावे, दोघे मिळून पुन्हा एकदा वाचू.