वर्गातला स्वर



फळ्यावरची गणिते कालांतराने विस्मृतीत जातात. 'बस खाली' हे शब्द कोणत्या स्वरात उच्चारले गेले, हे मात्र साठी उलटली तरी आठवते. हा स्वर मोजण्याची धडपड जुनी आहे. अमेरिकेतील नेड फ्लँडर्स यांच्या पद्धतीत निरीक्षक वर्गात बसून दर ३ सेकंदांनी एक आकडा नोंदवी. एकूण १० प्रकारांपैकी ७ शिक्षकाच्या बोलण्याचे, आणि त्यांतला पहिलाच विद्यार्थ्याच्या भावनेचा स्वीकार. बी.एड.ला ज्यांनी ही कोष्टके भरली, त्यांना हा पहिला रकाना किती रिकामा राही तेही स्मरत असेल.

आता निरीक्षकाचे काम संगणकाकडे जात आहे. तासाचे ध्वनिमुद्रण लेखी मजकुरात उतरवायचे आणि शाबासकी किती, नकार किती, विद्यार्थ्याचेच उत्तर उचलून पुढे नेणे किती, हे मोजायचे.

मराठीत मात्र ही मोजणी अडखळते. 'फार शहाणा झालास हो!' यात यंत्राला स्तुती दिसेल आणि 'अगं वेडे, रडतेस कशाला?' यात निंदा. पुण्यातील एल थ्री क्यूबच्या संशोधकांनी २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्वीट भावानुसार वर्गीकृत केले. काम मोलाचे आहे. पण ट्वीटची मराठी आणि पाचवीच्या वर्गातली मराठी एक नव्हे. त्यातून महाराष्ट्राबाहेरच्या शाळांत रागावणे एका भाषेत आणि समजूत दुसरीत!

तरीही एक गोष्ट यंत्र चोख सांगू शकेल. 'तुम्हांला हे जमत नाही' आणि 'आपल्याला हे अजून जमत नाही' यांत मुलांना पडणारे अंतर मोठे आहे. आपल्या तोंडी 'तुम्ही' किती वेळा येते आणि 'आपण' किती वेळा, हे बोलणाऱ्याला स्वतःला ऐकू येत नाही. ती संख्या कागदावर पाहून एखादी शिक्षिका दुसऱ्या दिवशी निराळे बोलेल.

मात्र तो कागद तिच्याच हाती पडला पाहिजे. तोच गोपनीय अहवालाला जोडला, तर शिक्षक यंत्रासाठी बोलू लागतील. दर मिनिटाला 'छान, छान' उमटेल आणि मुले ते ऐकणे सोडून देतील. शिवाय त्या ध्वनिमुद्रणात मुलांचेही आवाज असतात, अडखळणारे, रडवेलेही. ते कोणी, किती दिवस जपून ठेवावेत, याचा निर्णय पालकांना विचारल्याशिवाय होऊ नये.