चित्राला गुण द्यायचे, ते कशाचे?

श्रोतेहो, गणिताचे उत्तर बरोबर असते किंवा चूक असते. चित्राचे तसे नाही. मग कलेच्या महाविद्यालयात परीक्षा घ्यायची तरी कशी? आणि खेड्यातल्या शाळेत चित्रकलेच्या वह्या तपासणाऱ्या गुरुजींनी लाल पेन्सिल चालवायची ती कुठे?

हल्ली महाविद्यालयांत ‘अध्ययन निष्पत्ती’ हा शब्द फार ऐकू येतो. शब्द जड आहे, अर्थ साधा आहे : शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, ते आधीच ठरवावे आणि त्याला सांगावे. कलेच्या बाबतीत हे किती मोलाचे आहे, ते एका जुन्या संस्थेच्या इतिहासातून दिसते.

आम्हा कुर्लेकरांना ती संस्था गाडीच्या वाटेवरचीच. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला आली. आज कुर्ल्याहून उलट निघावे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे आणि थोडे चालावे, की सर जे. जे. कलाशाळा येते. ती १८५७ साली सुरू झाली. तिच्यासाठी जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपये दिले होते. २०२३ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळाला.

आरंभी या शाळेत भर होता तो हुन्नरावर. कारागिराची नजर आणि हात तयार व्हावा, म्हणून प्लास्टरच्या नमुन्यांवरून रेखाटन करवीत. नमुन्याबरहुकूम रेघ आली, की विद्यार्थी हुशार. १८७२ च्या सुमारास जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घ्यायला सुरुवात केली. हे काम १८८५ पर्यंत चालले. नक्कल इथेही होतीच, पण आता पाठ गिरवायचा होता तो आपल्याच देशातल्या ओघवत्या रेषेचा. पुढे १९१९ पासून ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत जिवंत माणूस समोर बसवून रेखाटन सुरू झाले, भित्तिचित्रांचा वर्गही निघाला. म्हणजे पाहा, हेतू बदलला तशी ‘चांगले चित्र’ या शब्दांची व्याख्याही बदलली. मापाची पट्टी नेहमी हेतूच्या मागून येते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, विद्यार्थ्यांना सांगितले, ‘पावसातला कुर्ला स्टेशनचा पूल काढा.’ एकाने पुलाच्या रेषा दूर जाताना अचूक काढल्या, पण माणसे खुंटासारखी उभी केली. दुसऱ्याचा पूल वाकडा आहे, पण छत्र्यांची दाटी आणि गर्दीचा रेटा कागदावर बरोबर उतरला आहे. जास्त गुण कुणाला? पाठ यथार्थदर्शनाचा असेल तर पहिल्याला, रचनेचा असेल तर दुसऱ्याला. आणि पाठ कशाचा, हे कुणी सांगितलेच नसेल, तर गुण देणारा आपल्या आवडीनिवडीला गुण देत असतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे तत्त्व तुमच्या ओळखीचे आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती असे विषय वेगवेगळे ठेवले आहेत, ते उगीच नव्हे. बैलपोळ्याचे स्मरणचित्र काढणाऱ्या मुलाने काय पाहिले आणि काय ध्यानात ठेवले, ते तिथे बघायचे. भूमितीच्या कागदावरची टापटीप त्याच्याकडून तिथे मागू नये.

तुम्ही म्हणाल, कलेचे असे तुकडे पाडून बेरीज करता येते का? पुरती येत नाही, हे खरेच. म्हणून तीन गोष्टी कराव्यात. पहिली, काम देतानाच हेतू एका वाक्यात फळ्यावर लिहावा. दुसरी, नुसते शेवटचे चित्र न पाहता कच्ची रेखाटनेही पाहावीत. सुबक चित्र कधी दुसऱ्याच्या हातचे असू शकते, पण वहीतली खाडाखोड सहसा ज्याची त्याचीच असते आणि शिकण्याची वाट तिथेच दिसते. तिसरी, महाविद्यालयात दोन शिक्षकांनी वेगवेगळे गुण द्यावेत, आणि फार फरक पडला तर चित्रासमोर उभे राहून बोलावे. शाळेत दुसरा चित्रकला शिक्षक नसतो; तिथे आकड्याशेजारी एक ओळ लिहावी. ‘रंग छान, पण घागर जमिनीवर टेकलेली वाटत नाही’, एवढे पुरे.

ही ओळ लिहायला अर्धे मिनिट लागते. ती नसेल आणि वहीवर नुसता ‘क’ असेल, तर मूल एवढेच समजते, की आपला हात चित्राचा नाही. मग ते रंगाची पेटी माळ्यावर टाकते. त्या मुलाच्या घरात यापूर्वी कुणी कलाशाळेचे नावही ऐकलेले नसेल, तर ती पेटी पुन्हा खाली काढायला त्याला सांगणार कोण? आपणच ना? म्हणून पुढच्या तासाला वह्यांचा गठ्ठा समोर आला, की आकडा मांडण्याआधी स्वतःला विचारा : मी या मुलाला काय शिकवले होते, आणि आता गुण देतो आहे ते कशाला?