कंचेभागुबेव आणि उलटं झाड



प्रत्येकजण आपापलं काम सांगतोय, म्हणून मीही सांगतो. मी प्रोग्रॅम लिहितो. त्यातला एक धडा आपण याच शाळेत घोकला होता: कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी.

2 + 3 × 4 दिसलं की आपण गुणाकार आधी करतो; उत्तर 14. कॉम्प्युटरला मात्र ती नुसती चिन्हांची ओळ असते. तिचं आधी झाड करावं लागतं, तेही उलटं, मूळ वर. मुळाशी बेरीज. तिची एक फांदी 2, दुसरी गुणाकार. गुणाकाराच्या फांद्या 3 आणि 4. हिशोब खालून वर येतो. या कामाला पार्सिंग म्हणतात.

डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी 1961 साली याची एक सोपी रीत मांडली. रेल्वेच्या शंटिंग यार्डावरून तिला नाव पडलं. आपल्या यवतमाळकरांची रेल्वे म्हणजे एकेकाळची शकुंतला, तेव्हा तिचेच डबे डोळ्यांसमोर आणा. आकडे सरळ पुढे जातात, चिन्हं बाजूच्या रुळावर थांबतात. मागून कमी मानाचं किंवा बरोबरीचं चिन्ह आलं, की थांबलेलं आधी सुटतं.

नोकरीच्या सुरुवातीला मी कापसाच्या हिशोबाचा प्रोग्रॅम लिहिला. त्यात ‘बरोबरीचं’ एवढाच शब्द राहिला. चाचणीत 10 − 4 + 3 घातलं: दहा क्विंटल आले, चार परत गेले, तीन पुन्हा आले. उत्तर हवं 9, आलं 3. बेरीज आधी झाली होती. एका म्हाताऱ्या दिवाणजींनी कागदावर मांडून विचारलं, “बाबू, शेतकऱ्याचा सहा क्विंटल कापूस गेला कुठं?” प्रोग्रॅम तसाच गेला असता, तर हा प्रश्न एखाद्या शेतकऱ्याला विचारावा लागला असता.

सर, तुम्ही वर्गात बजावलं होतं की ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर असं नुसतं घोकू नका. दोघांचा मान सारखा, डावीकडून चला. मी सूत्र लक्षात ठेवलं, ते वाक्य विसरलो.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर मुलांना 10 − 4 + 3 घाला. उत्तर 3 आलं तर रागावू नका. शेजारी बसा आणि कागदावर त्याचं झाड काढून दाखवा.