तगराचे अधीश्वर

मेक्सिकोंतील अझ्टेक राजे आपल्या कुळाचें मूळ तोल्लान नगरींतील तोल्तेक लोकांत असल्याचें मोठ्या अभिमानानें सांगत. इ. स. ९०० ते ११५० च्या सुमारास तुला येथें नांदलेली तोल्तेकांची सत्ता अझ्टेकांच्या उदयापूर्वींच लयास गेली होती. परंतु तिच्या नांवाचें तेज इतकें, कीं 'तोल्तेक' म्हणजे कुशल कारागीर असाच अर्थ रूढ झाला होता. राज्य शस्त्रानें मिळे. त्यास शोभा यावयास मात्र जुन्या नगरीचें नांव लागे.

रायगडच्या किनाऱ्यावरहि असेंच एक उदाहरण आहे. राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून इ. स. ८०० च्या सुमारास उदयास आलेले शिलाहार उत्तर कोंकणचे, चौदाशें गांवांचे स्वामी झाले. त्यांची राजधानी पुरी. ती घारापुरी कीं मुरूडजवळची राजपुरी, हा वाद पंडितांचा. पण ताम्रपटांत हे राजे स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवितात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर, सह्याद्रीपलीकडचें. तेथील कापड भडोच बंदरीं जात असल्याचें पहिल्या शतकांतील ग्रीक प्रवासवर्णन सांगतें. कोंकणच्या शिलाहारांचें राज्य तेथवर नव्हतें. तरी बिरुद सुटलें नाहीं. पूर्वज तेथून आले असतील. नसले तरी नव्या राजकुळास जुन्या वैभवाचा आधार हवाच असतो. गरुडास आपला देह देणाऱ्या जीमूतवाहनाचा वंशहि त्यांनीं असाच जोडला. गरुडाचा आहार ज्या शिलेवर, तो शिलाहार, अशी व्युत्पत्ति! ती कवीस शोभते, इतिहासास नव्हे.

त्यांचें खरें वैभव मात्र उसनें नव्हतें. इ. स. ९१६ मध्यें अल् मसूदी हा अरब प्रवासी चौलास आला, तेव्हां झंझ राजा राज्य करीत होता. बंदरांत सुमारें दहा हजार मुसलमान राहत आणि त्यांचा कारभार पाहण्यास राजानें त्यांच्यांतलाच एक प्रमुख नेमला होता. त्याच झंझानें बारा शिवमंदिरें बांधल्याची नोंद आहे. अंबरनाथचें देवालय (इ. स. १०६०) याच कुळाच्या काळांतलें. अपरादित्यानें लिहिलेल्या याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकेस तर थेट काश्मीरांत मान मिळाला. अलिबागजवळील आक्षीच्या शिलालेखांत केसिदेव राजाचें नांव मराठींत कोरलें आहे. शके ९३४ हें वाचन धरल्यास तो मराठींतील अत्यंत जुन्या लेखांपैकीं एक ठरतो.

शेवटचा राजा सोमेश्वर. इ. स. १२६५ च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवानें त्यास समुद्रांत गांठलें, आणि तो शरण न जातां बुडून मेला, असें हेमाद्रि सांगतो. बोरिवलीजवळच्या एकसर गांवीं वीरगळांवर गलबतांची लढाई कोरलेली आहे. ती हीच असावी, असें कित्येक समजतात.