मंगलकार्यातील गोडाचा घाट

लग्नाच्या पंगतीत वाढलेले गोड त्याच दिवशी संपते. मांडवात मांडून ठेवलेल्या गोडाची चर्चा मात्र वर्षानुवर्षे चालू राहते. महाराष्ट्रात हे स्थान रुखवताला आहे. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत ते केकला मिळाले आहे, आणि दूर दक्षिणेस कावेरीच्या काठी ते ‘परुप्पु तेंगाय’ या गुळाच्या शंकूला लाभले आहे. तिन्ही पदार्थांचे काम एकच : आधी डोळ्यांना शोभा, मग जिभेला गोडी. आणि तिन्ही पदार्थ यजमानापुढे एकच प्रश्न उभा करतात. शोभा किती करावी आणि त्यासाठी मोजावे किती? या प्रश्नाचे एक शहाणे उत्तर कावेरीकाठच्या स्वयंपाकघरांनी फार पूर्वी शोधून ठेवले आहे.

तंजावर प्रांत मराठी मनाला परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांची गादी होती, आणि तंजावरी वळणाचे मराठी बोलणारी घरे तिकडे आजही आहेत. याच मुलखात कुंभकोणमच्या पश्चिमेस, स्वामिमलैजवळ, तिरुवलंचुळी हे गाव आहे. ‘वलम्’ म्हणजे उजवीकडे आणि ‘चुळी’ म्हणजे भोवरा. कावेरी येथे उजवीकडे वळली, अशी त्या नावाची उपपत्ती सांगतात. गावच्या मंदिरातील श्वेत विनायक समुद्रमंथनाच्या वेळी उसळलेल्या फेसापासून घडविला गेला, अशी श्रद्धा आहे. म्हणून या मूर्तीला दुधातुपाचा अभिषेक होत नाही; भीमसेनी कापराची पूड तेवढी वाहतात. जवळच्या स्वामिमलैत ओतारी मेणाच्या आकृतीवर माती लिंपून पंचधातूच्या मूर्ती ओततात. तेथे साचा एकदाच उपयोगी पडतो; मूर्ती बाहेर काढताना तो फोडावाच लागतो.

परुप्पु तेंगायचा साचा मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालतो. तो धातूचा, शंकूच्या आकाराचा असतो. ‘परुप्पु’ म्हणजे डाळ आणि ‘तेंगाय’ म्हणजे नारळ. नावात हे दोनच जिन्नस असले, तरी तमिळ ब्राह्मणांच्या लग्नांत या शंकूत अनेक गोष्टी भरल्या जातात. गुळाचा पक्का पाक करतात. त्याचा थेंब पाण्यात टाकला असता कडक गोळी व्हावी लागते. मग त्यात भाजलेला जिन्नस घालून, मिश्रण गरम असतानाच, तूप लावलेल्या साच्यात दाबून बसवितात. पाक कच्चा राहिला तर शंकू खचतो. फार पुढे गेला तर मिश्रण साच्यात पोहोचण्यापूर्वीच गोठते. तयार झालेली जोडी रंगीत कागदाने सजवून विधीच्या जागी मांडतात, आणि कार्य आटोपल्यावर फोडून वाटतात.

यात व्यवहाराचे शहाणपण दोन ठिकाणी आहे. पहिले भरण्याच्या जिनसांत. काजू परवडत नसतील तर शेंगदाणे घ्यावेत. तेही जड जात असतील तर साधे डाळे घ्यावेत. कडक तळलेल्या जाड शेवेचे तुकडे गुळात घोळून केलेले ‘मनोहरम्’ही चालते. साचा तोच, जोडी तीच आणि मानही तोच. श्रीमंताचा शंकू आणि सामान्याचा शंकू मांडवात शेजारी ठेवला, तर दोहोंच्या घाटात फरक दिसत नाही.

दुसरे शहाणपण आकारातच दडलेले आहे. तळ आणि उंची समान असता शंकूला दंडगोलाच्या एक तृतीयांश सामग्री पुरते. डोळ्यांना उंची जाणवते, पण गूळ कमी लागतो. त्याचबरोबर एक धोकाही ध्यानात ठेवावा लागतो. वीतभर उंचीचा साचा दोन वीत केला आणि रुंदीही त्याच प्रमाणात वाढविली, तर सामग्री दुप्पट होऊन थांबत नाही, ती आठपट होते. हौसेचा खर्च हाताबाहेर जातो तो बहुधा याच हिशेबाच्या अज्ञानामुळे.

केकलाही हाच हिशेब लागू पडतो. सहा, नऊ आणि बारा इंच व्यासाचे, सारख्या जाडीचे तीन थर एकावर एक रचले, तर त्यांतील ऐवजाचे प्रमाण चार, नऊ आणि सोळा असे पडते. सगळ्यात वरचा, सर्वांच्या नजरेत भरणारा थर एकूण केकच्या सातव्या हिश्शाइतकाही नसतो, आणि तळचा थर निम्म्याहून अधिक पाहुण्यांना पुरतो. म्हणून जाणते केकवाले आधी पाहुणे मोजावयास सांगतात. उंची हवी असेल तर एखादा थर पोकळ वा नकली ठेवतात, आणि वाटावयाचा साधा केक आत स्वयंपाकघरात वेगळा कापतात.

यात फसवणूक आहे असे मानण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये १८४० साली राणी व्हिक्टोरियाच्या विवाहाचा केक सुमारे तीनशे पौंड वजनाचा होता. पुढे शंभर वर्षांनी, महायुद्धाच्या काळात, ऑगस्ट १९४० मध्ये तेथील सरकारने केकवर साखरेचे आवरण चढविण्यास मनाई केली. तेव्हा घरोघरच्या वधूंनी पुठ्ठ्याचा वा प्लास्टरचा शुभ्र देखावा भाड्याने आणला आणि त्याच्या पोटात रेशनच्या साखरेचा लहानसा केक ठेवला. त्या केकच्या लहानपणामुळे कोणाचे लग्न उणे ठरले नाही.

आपल्याकडे मात्र मांडवातील गोड ही पुष्कळदा वधूपित्याची परीक्षा होऊन बसते. तमिळ घरांत वराकडे पाठवावयाच्या मिठाईला ‘सीर’ म्हणतात. महाराष्ट्रात रुखवताचे ताट मोजले जाते. देणाऱ्याने हौसेने दिलेले ताट पुढच्या घरी नमुना ठरते, आणि तिसऱ्या घरी ती मागणी होते. या ठिकाणी गोडाची गोडी संपून कर्जाची कडवट चव सुरू होते. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात १९८४ साली झालेली दुरुस्ती याच जागी बोट ठेवते. न मागता दिलेल्या, रूढीला धरून असलेल्या आणि देणाऱ्याच्या आर्थिक स्थितीच्या मानाने अवाजवी नसलेल्या भेटींनाच ती मुभा देते. मोजमाप घेणाऱ्याच्या अपेक्षेचे न ठेवता देणाऱ्याच्या ऐपतीचे ठेवले, हे त्या शब्दांचे मोल.

तेव्हा कार्य ठरल्यावर घाट निवडण्याचा क्रम सरळ आहे. प्रथम पाहुणे मोजावेत, मग रक्कम ठरवावी, त्यानंतर आकार, आणि सजावट सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी चित्र पाहून मन बसले, की बाकीचे सारे त्या चित्राच्या मागे फरफटत जाते. घरच्या मुलीला काय आवडते हे जरूर विचारावे. शेजारच्या मांडवात काय होते हे विचारू नये.

तिरुवलंचुळीच्या विनायकाला चिमूटभर कापूर पुरतो आणि त्याच्या महत्तेत त्यामुळे काही उणे येत नाही. त्या परिसरातील डाळ्यांचा शंकूही कार्य संपले की फुटतो, त्याचे खडे हातोहात वाटले जातात, आणि साचा धुऊन पुढच्या कार्यासाठी फळीवर ठेवला जातो. दुसऱ्या दिवशी त्या घरी गोडाची चव उरलेली असते. देणे उरलेले नसते.