पाटणादेवीच्या रानात मुलांबरोबर

चाळीसगावची माणसं पाटणादेवीला जातात ती नवरात्रात चंडिकेच्या दर्शनाला, नाहीतर श्रावणात धवलतीर्थाचा धबधबा बघायला. गावापासून 18 किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी हे ठिकाण. सरकारदरबारी 1986 पासून ते गौताळा औट्रमघाट अभयारण्यात मोडतं. आमच्या तालुक्याच्या मनात मात्र ती सगळ्यांची बाग आहे. डबे घेऊन जावं, डोंगरी नदीच्या पात्रात बसून खावं, माकडांना हुसकावून लावावं आणि उन्हं कलली की परत फिरावं. मी शिक्षिका आहे. पाचवी ते सातवीची मुलं घेऊन मी तिथे जाते ती इतिहासाच्या तासासाठी. त्या तासाबद्दल आज बोलणार आहे.

मुलांना इतिहास म्हटलं की राजे आठवतात, लढाया आठवतात, आणि परीक्षेत विचारतील त्या सनावळ्या. त्यात त्यांची चूक नाही, आपण तेच शिकवत आलो. पण पाटण्याच्या, म्हणजे पाटणादेवीजवळच्या पाटणे गावाच्या, परिसरात जे सापडलं आहे, ते बहुतेक हातांनी काम करणाऱ्या माणसांचं आहे. आणि हातांचं काम मुलाला लगेच कळतं. माझा सगळा भरवसा एवढ्या एका गोष्टीवर आहे.

पहिली वस्तू शहामृगाच्या अंड्याची. होय, शहामृगाच्या! पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी 1972-73 मध्ये पाटणे गावाजवळ उत्खनन केलं. तिथे अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले, आणि त्यातल्या एका तुकड्यावर कुणीतरी आडव्यातिडव्या रेघा कोरून जाळीदार नक्षी काढलेली आढळली. ती सुमारे 25,000 वर्षांपूर्वीची आहे. भारतात सापडलेल्या सगळ्यात जुन्या कलावस्तूंमध्ये तिचं नाव घेतात. म्हणजे एके काळी आपल्या या मुलखात शहामृगं फिरत होती, आणि त्यांच्या अंड्याचं कवच हातात धरून नक्षी काढणारं माणूसही इथेच बसलेलं होतं.

हे नुसतं सांगून भागत नाही. म्हणून मी घरून कोंबडीच्या अंड्यांची कवचं धुऊन, वाळवून नेते आणि प्रत्येकाच्या हातात एक तुकडा व एक खिळा देते. म्हणते, दोन समांतर रेघा ओढा आणि त्यांच्या मध्ये जाळी काढा. पहिल्या पाच मिनिटांत निम्म्या मुलांची कवचं फुटतात. खिळा घसरतो, रेघ वाकडी जाते, कुणी शेजाऱ्यावर चिडतं. मग हळूहळू आवाज कमी होतो. कुणीतरी कवच मांडीवर न ठेवता तळव्यात धरायला लागतं, खिळा दाबायचं सोडून हलक्या हाताने पुन्हा पुन्हा त्याच रेघेवरून फिरवायला लागतं. शहामृगाचं कवच कोंबडीच्या कवचापेक्षा कितीतरी जाड, जवळजवळ दोन मिलिमीटर. पण त्या माणसाजवळ लोखंडाचा खिळा नव्हता, धारदार दगड होता. हे मी शेवटी सांगते. आधी सांगितलं तर मुलं ऐकून घेतात आणि विसरतात. हात दुखल्यावर सांगितलं की डोळे मोठे होतात. एका मुलाने मला विचारलं होतं, "बाई, त्याला हे कुणी करायला सांगितलं होतं?" कुणीच नाही, मी म्हटलं. पोट भरण्यासाठी त्या नक्षीचा काही उपयोग नव्हता. तरी ती काढली.

तिथून आम्ही वळतो शिलालेखाकडे. पाटण्याच्या देवळातला हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये अभ्यासकांपुढे आणला. लेख 1207 सालचा. देवगिरीच्या यादवांचा तो काळ, गादीवर राजा सिंघण, आणि या भागात त्यांचे मांडलिक निकुंभ घराणं. सिंघणाच्या पदरी चांगदेव नावाचा ज्योतिषी होता. गणिती भास्कराचार्यांचा हा नातू. आजोबांचे ग्रंथ, म्हणजे 'सिद्धांतशिरोमणी' वगैरे, शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला, आणि निकुंभांच्या सोइदेवाने श्रावणी पौर्णिमेला चंद्रग्रहणाच्या वेळी त्या मठाला दान दिलं. ग्रहणाचं गणित शिकवणाऱ्या शाळेला ग्रहणाच्याच दिवशी देणगी, हे मला फार आवडतं.

इथे एक गोष्ट मी मुलांना स्पष्ट सांगते. भास्कराचार्य याच गावात राहिले, इथेच त्यांनी ग्रंथ लिहिले, असं आपल्याकडे अगदी ठासून सांगितलं जातं. त्यांनी स्वतः आपल्या गावाचं नाव विज्जलविड असं दिलं आहे आणि ते नेमकं कोणतं याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. दगड काय सांगतो? नातवाने मठ काढला, एवढं. तेवढं पुष्कळ आहे. आजोबांची विद्या टिकावी म्हणून नातू शाळा काढतो, हे काय थोडं आहे? लीलावतीच्या लग्नाचंही तसंच. घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला, म्हणून भास्कराचार्यांनी लेकीच्या नावाने ग्रंथ लिहिला, ही कथा आपल्याला कळली ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून. भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. ही कथा मी मुलांना रंगवून सांगते, मग विचारते, यातलं या दगडावर काय आहे? मुलं दगडाकडे बघतात आणि म्हणतात, काहीच नाही. गोष्ट आणि पुरावा यांतला फरक सातवीच्या मुलाला एवढ्याने कळतो.

या लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. शेवटी मात्र भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते, कारण आता हिशेबाची गोष्ट आली. मठाला काय काय मिळायचं ते लोकांना समजलं पाहिजे. इथल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा जो कर राजाकडे जायचा तो मठाला. आणि गावात जेवढे घाणे चालतात, त्या प्रत्येकामागे एक पळी तेल. पिशवीतून मी घरची पळी काढते आणि मुलांपुढे धरते. तेली बैलाच्या मागे दिवसभर फिरला, तीळ किंवा करडई दळली, त्यातलं पळीभर तेल शाळेचं. त्या तेलावर दिवा लागला असेल आणि दिव्यापाशी बसून कुणीतरी बीजगणित सोडवलं असेल, असं मी म्हणते, पण ही माझी कल्पना आहे हेही सांगते. बाजारातल्या मालावरचा कर आणि घाण्यावरचं तेल यांच्यावर ती शाळा चालली, हे मात्र दगडावर कोरलेलं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांना हे ऐकून आपल्या शाळेकडे वेगळ्या नजरेने बघावंसं वाटतं. ज्यांचे वडील आठवडे बाजारात बसतात, त्यांना तर फारच.

मग डोंगरीच्या कोरड्या पात्रात आम्ही 'लीलावती'तलं एक गणित मांडतो. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. खांबाच्या तिप्पट, म्हणजे सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघाला. मोराने त्याला पाहिलं आणि तिरपी झेप घेतली. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर गाठ कुठे पडली? वाळूवर नऊ हातांची रेघ ओढायची, ती खांब. तिला काटकोनात सत्तावीस हातांची रेघ, ती सापाची वाट. मग सुतळी. एक पोर मोर होतं, एक साप होतं, बाकीचे ओरडून मागेपुढे सरकवतात. बिळापासून दहा हातांवर नाही जमत, चौदावर नाही जमत. बारावर आलं की सुतळी पंधरा हात भरते आणि सापाचीही पंधरा हात वाट झालेली असते. पायथागोरसचं नाव मी त्या दिवशी घेत नाही. पाटणादेवीच्या रानात मोर आहेत. नशीब असेल तर गणित चालू असताना पलीकडून केकाही ऐकू येते.

डोंगराच्या वरच्या अंगाला, कन्नड तालुक्याच्या हद्दीत, पितळखोऱ्याची लेणी. इसवी सनाआधीची. लहान मुलांना तो चढ मी चढू देत नाही, फोटो दाखवते. तिथे सापडलेला डोक्यावर भांडं धरलेला, गालात हसणारा बुटका यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर ब्राह्मीत लिहिलं आहे की हा कान्हदास सोनाराने घडवला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव आपल्याला माहीत आहे, असं फार थोड्या ठिकाणी होतं. वर्गातल्या सोनाराच्या मुलीने तो फोटो मागून घेतला आणि वहीत चिकटवला.

परतीच्या वाटेवर, गाव आलं की, मी एक गोष्ट सांगते. ती सहलीच्या आनंदात बसत नाही. तरी सांगते. 1929 सालचा ऑक्टोबर महिना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी समितीच्या कामासाठी खानदेशात आले होते. मुंबईला परतताना चाळीसगाव स्टेशनवर त्यांना इथल्या महार बांधवांनी आग्रहाने थांबवून घेतलं. एक रात्र आमच्याकडे राहा म्हणाले. वस्तीपर्यंत पाहुण्याला पायी न्यायचं नाही, म्हणून टांगा बघायला गेले. एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी, टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. मग वस्तीतल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याने आधी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक दगडांत अडकलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं, घोडा आणि गाडी नदीत पडली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. बॅरिस्टर असलेल्या माणसापेक्षा टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ समजत होता, हेही त्यांनी लिहिलं आहे.

मुलांना हे कसं सांगायचं, असं मला काही पालक विचारतात. सरळ सांगायचं. गावाचं नाव घेऊन सांगायचं. शहामृगाच्या अंड्यावरची नक्षी जर आपली, मठाला दिलेलं पळीभर तेल जर आपलं, तर हा टांगाही आपला. आणि तो लगाम धरणारा माणूस? मुलं नेमकं त्याच्याबद्दलच विचारतात. त्याला भीती वाटली असेल का, नंतर लोक त्याला रागावले असतील का. बाबासाहेबांनी लिहिताना त्याच्यावर राग काढलेला नाही. पाहुण्याचा मान राहावा म्हणून न येणारं काम अंगावर घेणारा तो माणूस होता. तेही इतिहासात मोडतं.

वेळ उरला तर स्टेशनजवळचं केकी मूस यांचं दगडी घर बघतो. 1989 मध्ये वारलेले हे पारशी छायाचित्रकार आयुष्याची कित्येक वर्षं त्या घराबाहेर न पडता जगले, आणि टेबलावर छोट्या वस्तू मांडून अख्खी दृश्यं उभी करून त्यांचे फोटो काढत राहिले. त्यांच्यासाठी एक वेगळी सहल काढायला हवी.

पुढच्या खेपेला मुलांना घेऊन बहाळला जायचं आहे. गिरणेच्या काठावरच्या या गावात पुरातत्त्व खात्याने 1950 च्या दशकात उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण युगातली वस्ती उजेडात आली. आपल्या तालुक्यात वाघळीच्या देवळातही शके 991 चा लेख आहे. ज्या शाळांना अशा वाटेने जायचं असेल त्यांनी पाऊस ओसरल्यावर जावं, अभयारण्यात वनखात्याचे नियम पाळावेत, प्लास्टिक नेऊ नये. आणि एक. रानात किंवा शेताच्या बांधावर मुलांना जुनं खापर, गारगोटीचा धारदार तुकडा असं काही दिसलं की ती ओरडतात, "बाई, हाई काय शे?" आणि उचलून खिशात टाकायला बघतात. आधीच बजावून ठेवा. निरखून बघायचं, वहीत चित्र काढायचं, कुठे दिसलं ते लिहायचं आणि वस्तू होती तिथेच राहू द्यायची. जागेवरून हलली की तिच्याबद्दल जे कळू शकलं असतं त्यातलं निम्मं गेलंच.